बुराडीचे धुके

पौषात पहाटे नळदुर्गला बोरी नदीवर धुके उतरते. अणदूरहून पहिल्या गाडीने जाणाऱ्यांनी ते पाहिले असेल. सूर्य कासराभर वर आला की ते विरते आणि आपण विसरूनही जातो. दत्ताजी शिंदे ज्या नदीकाठी पडले, तेथले धुके इतके भित्रे नसते.

दत्ताजी हे राणोजी शिंद्यांचे चिरंजीव. घराणे साताऱ्याकडील कण्हेरखेडचे. थोरले बंधू जयाप्पा 1755 साली नागोरच्या वेढ्यात दग्याने मारले गेले, तेव्हा दत्ताजींनी डोळे पुसले आणि वेढा तसाच चालू ठेवला. मारवाड अखेर नमला. 1757 साली सिंदखेडला निजामाशी गाठ पडली. नाव विश्वासरावांचे, पण लढाई दत्ताजींची! मोकळा माळ, घोडा आणि भाला असला म्हणजे या माणसाला तोड नव्हती.

त्यांचा घात नद्यांनी केला, असे मला वाटते. 1759 साली नजीबखान रोहिल्याने गंगेवर नावांचा पूल बांधून देण्याच्या थापा मारीत त्यांना झुलवले. शुक्रतालला पावसाळा गेला, पुढे वेढा पडून राहिला, आणि तेवढ्यात अब्दाली पंजाबात उतरला. डिसेंबरात ठाणेसरजवळ चकमक झाली. मग यमुना ओलांडून तो नजीबाला मिळाला आणि दिल्लीसमोर आला. मल्हारराव होळकर अजून राजस्थानात होते. ते येईपर्यंत मागे सरता आले असते. दत्ताजी सरले नाहीत.

आता नदीचे पाहा. थंडीत वर हिमालयात बर्फ साचून राहते, त्यामुळे खाली यमुनेचे पाणी उतरते. पात्र फुटून मध्ये बेटे उघडी पडतात, त्यांवर झाऊ आणि लव्हाळ्यांचे रान माजते. जी नदी आडवी यायची, तीच वाट देते. दत्ताजींनी उतारांवर चौक्या बसवल्या होत्या. 10 जानेवारी 1760 रोजी बुराडी घाटावर शत्रू त्या रानातून चालून आला. त्यांच्या हाती बंदुका, आपल्यांच्या हाती भाले-तलवारी. घोडा फेकायला जागा नाही, समोरचा माणूस दिसत नाही. धावून गेलेले दत्ताजी गोळी लागून पडले. पुढे कुतुबशहाने काय विचारले आणि त्यांनी काय उत्तर दिले, ते शाळेपासून सर्वांना पाठ आहे. येथे पुन्हा लिहीत नाही. त्यांचे शिर कापून नेले. पुतणे जनकोजी जखमी झाले आणि फौज कोटपुतळीकडे हटली.

इकडे 3 फेब्रुवारीला सदाशिवरावभाऊंनी उदगीरला निजामाचा पराभव केला. (हे उदगीर 1982 पर्यंत आपल्याच जिल्ह्यात होते.) त्या विजयाचा आनंद ओसरला नव्हता, तोच दत्ताजींची बातमी दक्षिणेत पोहोचली. मार्चमध्ये परतूरला मसलत झाली आणि भाऊ उत्तरेकडे निघाले. पुढचा पौष पानिपतावर उजाडायचा होता.