नामदेव ढसाळ: 'गोलपिठा' आणि घर

नामदेव ढसाळ १९४९ साली पुणे जिल्ह्यातल्या पूर-कनेरसरला जन्मले आणि मुंबईत कामाठीपुऱ्याच्या गल्ल्यांत वाढले. टॅक्सी चालवली. १९७२ मध्ये 'गोलपिठा' आला, त्याच वर्षी दलित पँथर उभी राहिली. वेश्यावस्तीतली बाई मराठी कवितेत माणूस म्हणून आली ती या कवीमुळे, हे कुणी नाकारू नये.

पुढे आणीबाणीचं समर्थन, शिवसेनेशी जवळीक, 'सामना'तलं लेखन. त्यावर आपण जाहीर भांडलो. एका गोष्टीवर मात्र कुजबुजलो. त्यांच्या पत्नी, शाहीर अमर शेखांच्या कन्या, स्वतः कवयित्री मल्लिका अमर शेख यांनी १९८४ मध्ये 'मला उद्ध्वस्त व्हायचंय' हे आत्मचरित्र लिहिलं. त्यात नवऱ्याची मारहाण आहे, दारू आहे, त्याच्याकडून झालेला गुप्तरोग आहे.

कफ परेडच्या मच्छीमार नगरात मुलींशी कौटुंबिक हिंसेवर बोलताना मी ही दोन्ही पुस्तकं सांगते. काही कार्यकर्त्यांना ही चळवळीची बदनामी वाटते. मला पटत नाही. सवर्ण लेखकाची जात त्याच्या साहित्यात शोधायची आणि आपल्या कवीचं घर खाजगी म्हणायचं, हे कसं? तिसरं आणि पाचवं शील तर आपण प्रत्येक वंदनेत म्हणतो. 'गोलपिठा' मी टाकणार नाही. पण त्यातल्या बाईबद्दलची कणव वाचताना घरातली बाई आठवतेच.

१५ जानेवारी २०१४ रोजी ढसाळ गेले. स्मृतिदिनाला त्यांच्या कविता वाचाल, तेव्हा मल्लिकाताईंची दोन पानंही वाचा. जयभीम.