भास्कराचार्य व त्यांचे घटिकापात्र

आमच्या खानदेशाशी ज्या थोर पुरुषांचा संबंध आहे, त्यांत भास्कराचार्य अग्रगण्य होत. त्यांचे गाव विज्जलविड म्हणजे चाळीसगावाजवळील पाटण, असे पुष्कळ विद्वान मानतात. त्यांचा जन्म शके १०३६, म्हणजे इ. स. १११४ मध्ये झाला. पिता महेश्वर हेच त्यांचे गुरू. वयाच्या ३६ व्या वर्षी त्यांनी ‘सिद्धान्तशिरोमणि’ हा ग्रंथ रचला.

या ग्रंथात कालमापनाच्या यंत्रांचे एक प्रकरण आहे. त्यांतील घटिकापात्र अगदी साधे. तांब्याच्या अर्धगोल वाटीच्या तळास छिद्र पाडून ती पाण्यावर सोडावयाची; छिद्रातून पाणी आत शिरते व वाटी भरताच बुडते. अहोरात्राच्या ६० घटिका, व एक घटिका २४ मिनिटांची. नेमक्या मापाची वाटी घडविणे कठीण, म्हणून आचार्यांनी सोपी युक्ती सांगितली. वाटी अहोरात्रात किती वेळा बुडते ते मोजावे, व त्या संख्येने ६० ला भागावे. ती ४० वेळा बुडाली, तर प्रत्येक खेपेस दीड घटिका झाली. इतकी यंत्रे वर्णूनही, सर्वांत श्रेष्ठ यंत्र बुद्धी हेच होय, असा त्यांचा अभिप्राय होता.

त्यांची कन्या लीलावती हिच्याविषयी एक कथा आहे. ‘लीलावती’ या गणितग्रंथाचे फैजीने १५८७ मध्ये फारसी भाषांतर केले, त्यात ती आढळते. विवाहाचा मुहूर्त साधण्यासाठी घटिकापात्र पाण्यात सोडले होते. कन्या कौतुकाने वाकून पाहू लागली, तो तिच्या वस्त्रातील मोती पात्रात पडून छिद्र बुजले. वाटी बुडाली नाही. मुहूर्त टळला, व कन्या अविवाहित राहिली. पित्याने तिच्या सांत्वनासाठी तिच्या नावाने ग्रंथ लिहिला, असे म्हणतात. ही केवळ दंतकथा आहे. आचार्यांच्या ग्रंथांत ती नाही.

तथापि, बंधुभगिनींनो, तीत बोध आहे. वाटी थांबली, पण सूर्य थांबला नाही. घटका मोजणे हे शास्त्र होय; परंतु अमुक घटका शुभ व अमुक अशुभ, हे कोणतीही वाटी सांगत नाही. एक घटका टळली म्हणून निरपराध कन्येचा संसार का मोडावा? आपल्या मंडळीतील कोणत्याही मुलीस असल्या भयाने घरी बसवू नये. सर्व दिवस एकाच प्रभूने निर्माण केले आहेत.

आचार्यांनी ६९ व्या वर्षी ‘करणकुतूहल’ लिहिले. पुढे त्यांचे नातू चांगदेव यांनी त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी पाटण येथे मठ स्थापिला. १२०७ चा शिलालेख त्याची साक्ष देतो. ज्याने काळ मोजण्यास शिकविले, त्याने आपलाही काळ व्यर्थ दवडला नाही. आपल्या घटकांचा हिशेब आपणांसही एके दिवशी प्रभूपुढे द्यावयाचा आहे.