छप्पन्नाव्या वर्षानंतरचे अण्णा

आपल्या बॅचच्या गप्पांमध्ये हल्ली एक वाक्य वारंवार ऐकू येते: "आता काय, झालं सगळं!" मुले मार्गी लागली, घराचे हप्ते फिटले, कुणी निवृत्त झाले, कुणी दिवस मोजत आहेत. वाक्यात समाधान आहे आणि ते कष्टाने मिळवलेले आहे. म्हणूनच या स्मरणिकेसाठी महर्षी धोंडो केशव कर्वे यांच्याविषयी लिहावेसे वाटले. त्यांचे नाव आपण सातवी-आठवीपासून ऐकत आलो, पण त्यांच्या आयुष्याच्या तारखा आपल्या वयाला येऊन वाचल्या की वेगळ्याच दिसतात.

अण्णांचा जन्म १८ एप्रिल १८५८चा, कोकणातला. बालपण मुरुडला गेले. सहावीच्या परीक्षेसाठी हा मुलगा घाट चढून, शंभराहून अधिक मैल चालत साताऱ्याला गेला. दिसायला इतका लहान, की वय कमी आहे असे ठरवून त्याला परीक्षेला बसूच दिले नाही. तो परत आला आणि पुढच्या खेपेला कोल्हापूरहून पास झाला. मॅट्रिक झाला १८८१ साली, म्हणजे तेविसाव्या वर्षी. १८८४ मध्ये गणित घेऊन मुंबईतून बी.ए. झाला. तल्लख बुद्धीची ही कहाणी नव्हे. स्वभाव लाजरा, वक्तृत्व बेताचे. आपल्या वर्गात असते, तर मधल्या बाकावर बसले असते.

१८९१ साली त्यांना पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात गणिताच्या प्राध्यापकाची जागा मिळाली. त्या काळात याहून प्रतिष्ठेची नोकरी कुठली? त्याच वर्षी पत्नी राधाबाई वारल्या. १८९३ मध्ये त्यांनी पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनात शिकणाऱ्या गोदूबाई या विधवेशी लग्न केले. याच पुढे आनंदीबाई, सगळ्यांच्या बाया. मुरुडकरांनी बहिष्कार टाकला. पण पुण्यात नोकरी होती, संसार पुन्हा उभा राहिला होता. आपण बोलल्याप्रमाणे वागलो, एवढ्यावर थांबले असते तरी कुणी नाव ठेवले नसते.

ते थांबले नाहीत. आपला एक पुनर्विवाह झाला, बाकीच्या हजारो विधवांचे काय, हा प्रश्न उरलाच होता. १८९६ मध्ये त्यांनी अनाथ बालिकाश्रमाची मंडळी स्थापन केली आणि १९०० साली आश्रम पुण्याबाहेर हिंगण्याला, एका झोपडीत नेला. दिवसा कॉलेजात गणित शिकवायचे, आणि हिंगण्याची वाट पायी तुडवायची. स्वतःची विम्याची पॉलिसीही त्यांनी आश्रमाला देऊन टाकली. घरात बायांना हे रुचले नाही, आणि त्यांचे चुकले असे कोण म्हणेल? बायांच्या 'माझे पुराण' या आत्मकथनात या संसाराची दुसरी बाजू वाचायला मिळते. अण्णांच्या धडपडीची किंमत एकट्या अण्णांनी मोजली नाही, हेही लक्षात ठेवायला हवे.

आश्रम रुळला, तेव्हा त्यांच्या लक्षात आले की इथे फक्त विधवा शिकतात. लहान वयात लग्ने होणाऱ्या मुलींसाठी १९०७ मध्ये महिला विद्यालय निघाले. पुढे १९१४ साली, २३ वर्षांच्या नोकरीनंतर, छप्पन्नाव्या वर्षी ते फर्ग्युसनमधून निवृत्त झाले. दुसऱ्या वर्षी आत्मचरित्रही छापून झाले. माणूस आत्मचरित्र लिहितो, म्हणजे हिशेब मिटवतो, असे आपण धरून चालतो.

मात्र सर्वांत मोठे काम अजून सुरूच व्हायचे होते. जपानमधल्या महिला विद्यापीठाविषयीची एक पुस्तिका त्यांच्या हाती आली होती. १९१५ मध्ये मुंबईच्या सामाजिक परिषदेचे अध्यक्षपद आले, तेव्हा त्यांनी भारतीय महिला विद्यापीठाची कल्पना मांडली आणि १९१६ मध्ये, वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी, ती प्रत्यक्षात आणली. शिक्षण मातृभाषेतून, सरकारी मान्यता नाही, विद्यार्थिनी बोटांवर मोजण्याइतक्या. १९२० साली सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी १५ लाखांची देणगी दिली आणि विद्यापीठाला त्यांच्या मातोश्रींचे नाव मिळाले. तेच आपले एस.एन.डी.टी. चर्चगेटचे आवार आणि सांताक्रूझला जुहू तारा रोडवरचे आवार आपल्या उपनगरांतल्या कितीतरी मुलींनी रोजच्या लोकलने गाठले आहे.

एकाहत्तराव्या वर्षी, १९२९ मध्ये, अण्णा विद्यापीठाची माहिती सांगत आणि निधी गोळा करत युरोप, अमेरिका, जपान असे जगभर फिरले. परतल्यावर त्याच वर्षाअखेर, डिसेंबर १९३० मध्ये, आफ्रिकेला निघाले ते सुमारे पंधरा महिन्यांसाठी. १९३६ साली, अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, शाळा नसलेल्या खेड्यांसाठी ग्राम प्राथमिक शिक्षण मंडळ काढले आणि स्वतःच्या पेन्शनमधून त्यात पैसे घातले. १९४४ मध्ये, शहाऐंशीव्या वर्षी, जातिभेदाविरुद्ध समता संघ स्थापन केला. विद्यापीठाला कायद्याने मान्यता मिळाली ती १९५१ मध्ये, ते त्र्याण्णव वर्षांचे असताना. १९५८ साली, शंभराव्या वर्षी, भारतरत्न. ९ नोव्हेंबर १९६२ रोजी ते गेले.

या तारखा ओळीने लावल्या की एक गोष्ट कळते. अण्णा अस्वस्थ किंवा महत्त्वाकांक्षी म्हणून पुढचे काम घेत नव्हते. हातातले काम नीट चालू लागले की ते पाहत, यातून अजून कोण बाहेर राहिले? विधवांनंतर कुमारिका, मग महाविद्यालयीन मुली, मग खेड्यातली पोरे, मग जातीने दूर ठेवलेली माणसे. प्रत्येक वेळी सुरुवात इवलीशी होती: एक झोपडी, चार-दोन विद्यार्थिनी, पेन्शनमधले थोडे रुपये.

आपण कुणी महर्षी नाही, होणारही नाही. पण आपल्यातल्या कुणाला गणित येते, कुणाला हिशेब, कुणाला शिवणकाम, कुणाला कायदा. आपल्याच शाळेच्या आसपासच्या वस्त्यांत दहावीच्या गणिताला घाबरणारी मुले आजही आहेत. संमेलनाच्या संध्याकाळी "झालं सगळं" म्हणण्याआधी एकमेकांना एवढेच विचारू या, की आपल्या सुखाच्या बाहेर कोण राहिले आहे. उत्तर मिळाले तर पुढच्या शनिवारी दोन तास काढता येतील. आपल्यापैकी बहुतेकांचे वय, अण्णांनी विद्यापीठ काढले तेव्हाच्या त्यांच्या वयाच्याच आसपास आहे.