विश्लेषण : मिलान गाजवणाऱ्या लिडहोमला स्वीडनच्या संघाची दारे बंद का होती?

फुटबॉल विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात गोल करणारा सर्वात वयस्कर खेळाडू कोण, या प्रश्नाचे उत्तर आजही नील्स लिडहोम हेच आहे. २९ जून १९५८ रोजी ब्राझीलविरुद्ध त्याने गोल केला, तेव्हा त्याने वयाची ३५ वर्षे आणि आठ महिने पूर्ण केले होते. २०२२च्या अंतिम सामन्यात गोल करणारा लिओनेल मेसीही ३५ वर्षांचाच होता, पण लिडहोमपेक्षा काही महिन्यांनी लहान. मात्र, या स्वीडिश मध्यरक्षकाची खरी गोष्ट त्या एका गोलाची नाही. ए. सी. मिलानकडून त्याने इटालियन लीगचे ३५९ सामने खेळले. स्वीडनकडून केवळ २३. हा फरक का पडला?

लिडहोमचा उदय कसा झाला?

लिडहोमचा जन्म ८ ऑक्टोबर १९२२ रोजी स्वीडनच्या पूर्व किनाऱ्यावरील वाल्देमार्सविक या लहानशा गावात झाला. गावातील संघ, मग स्लाइपनर आणि १९४६ मध्ये नॉर्शपिंग असा त्याचा प्रवास झाला. नॉर्शपिंगचे प्रशिक्षक होते हंगेरीचे लायोश चायझलर. त्यांच्या हाताखाली या संघाने १९४७ आणि १९४८ अशी सलग दोन लीग विजेतेपदे मिळवली, तेव्हा लिडहोम संघात होता. त्याच वर्षी लंडन ऑलिम्पिकमध्ये इंग्लिश प्रशिक्षक जॉर्ज रेनर यांच्या स्वीडनने वेम्बलीवरील अंतिम सामन्यात युगोस्लाव्हियाला ३-१ असे हरवून सुवर्णपदक पटकावले. गुनार ग्रेनने दोन, तर गुनार नॉर्दालने एक गोल केला. दुसऱ्या महायुद्धात तटस्थ राहिलेल्या स्वीडनमध्ये फुटबॉल खंडित झाला नव्हता. त्यामुळे तेथे खेळाडूंची गुणी पिढी तयार होती आणि इटलीतील श्रीमंत क्लबांचे तिच्याकडे लक्ष गेले.

‘ग्रे-नो-ली’ म्हणजे काय?

नॉर्दाल जानेवारी १९४९ मध्ये मिलानला गेला. त्याच वर्षी उन्हाळ्यात ग्रेन आणि लिडहोमही तेथे पोहोचले. प्रशिक्षकपदी चायझलर आलेच होते. या तिघांच्या आडनावांची पहिली अक्षरे जोडून इटालियनांनी ‘ग्रे-नो-ली’ हे नाव तयार केले. ग्रेन डावपेच आखणारा, नॉर्दाल धिप्पाड गोलवीर आणि लिडहोम लांब पल्ल्याचे अचूक पास देणारा. १९४९-५० च्या पहिल्याच हंगामात मिलानने लीगमध्ये ११८ गोल केले. युव्हेंटसला त्यांच्याच मैदानावर ७-१ अशी धूळ चारली. तरी त्या हंगामात विजेतेपद युव्हेंटसलाच मिळाले. पुढच्या वर्षी मात्र मिलानने बाजी मारली. १९०७ नंतरचे, म्हणजे ४४ वर्षांनंतरचे हे त्यांचे पहिले लीग विजेतेपद होते.

ग्रेनने १९५३ मध्ये, तर नॉर्दालने १९५६ मध्ये मिलान सोडले. लिडहोम थांबला. वय वाढले तसा तो आक्रमणातून मागे सरकत गेला. आधी मध्यरक्षक, मग बचावफळीत. स्वतःच्या तंदुरुस्तीबाबत तो विलक्षण काटेकोर होता. १९५१, १९५५, १९५७ आणि १९५९ अशी चार लीग विजेतेपदे त्याच्या नावावर जमा झाली. सॅन सिरोवर दीर्घ काळानंतर त्याचा एक पास चुकला, तेव्हा प्रेक्षकांनी आश्चर्याने टाळ्यांचा कडकडाट केला, अशी आख्यायिका इटलीत आजही सांगितली जाते. तिच्या खरेपणापेक्षा तिच्यावर लोकांचा विश्वास बसला, हेच त्याच्या खेळाबद्दल बरेच सांगून जाते.

स्वीडनने त्याला का नाकारले?

स्वीडिश फुटबॉल त्या काळी हौशी खेळाडूंचे होते. खेळाडूने नोकरी करावी आणि उरलेल्या वेळात खेळावे, ही धारणा. पैसे घेऊन खेळणारा व्यावसायिक राष्ट्रीय संघासाठी अपात्र ठरत असे. त्यामुळे मिलानशी करार करताच तिघांसाठीही स्वीडनच्या संघाची दारे बंद झाली. १९५०च्या विश्वचषकात स्वीडनने हौशी खेळाडूंच्या बळावर तिसरे स्थान मिळवले, तेव्हा नियम योग्यच असल्याचे भासले. पण त्या यशानंतर लेनार्ट स्कोगलुंडसारखे आणखी खेळाडू इटलीने उचलले. १९५४च्या विश्वचषकासाठी स्वीडनला पात्रही ठरता आले नाही. लिडहोमची वयाच्या २७ ते ३५ दरम्यानची उमेदीची वर्षे देशासाठी न खेळताच निघून गेली.

दारे पुन्हा का उघडली?

१९५८चा विश्वचषक स्वीडनमध्येच होणार होता. घरच्या प्रेक्षकांसमोर नामुष्की नको, म्हणून महासंघाने व्यावसायिकांवरील बंदी उठवली. संघ पुन्हा रेनर यांच्याकडे होता. इटलीत खेळणारे लिडहोम, स्कोगलुंड, कुर्त हाम्रिन, बेंग्ट गुस्टाव्हसन आणि आर्ने सेल्मोसन हे पाच जण परतले. मायदेशी आलेला ३७ वर्षांचा ग्रेनही संघात होता. नॉर्दालची कारकीर्द मात्र तोवर संपत आली होती. त्याच्यासाठी हा निर्णय उशिरा आला.

लिडहोमच्या नेतृत्वाखाली स्वीडनने हंगेरी, सोव्हिएत संघ आणि उपांत्य फेरीत गतविजेत्या पश्चिम जर्मनीला हरवले. अंतिम सामन्यात चौथ्याच मिनिटाला दोन बचावपटूंना चकवून लिडहोमने गोल केला. नंतर मात्र ब्राझीलने ५-२ असा विजय मिळवला आणि १७ वर्षांच्या पेलेने दोन गोल केले. विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात गोल करणारा सर्वात लहान आणि सर्वात वयस्कर खेळाडू एकाच सामन्यात मैदानावर होते. त्याच्या महिनाभर आधी, २८ मे रोजी, ब्रसेल्समध्ये लिडहोमच्याच नेतृत्वाखाली मिलान युरोपियन चषकाच्या अंतिम सामन्यात खेळले होते. दोनदा आघाडी घेऊनही जादा वेळेत ते रेआल माद्रिदकडून २-३ असे हरले. अवघ्या महिन्याभरात दोन सर्वोच्च चषक हातातून निसटले.

प्रशिक्षक म्हणून त्याचे योगदान काय?

१९६१ मध्ये निवृत्त झाल्यावरही लिडहोम स्वीडनला परतला नाही. व्हेरोना आणि व्हारेसे या संघांना त्याने वरच्या श्रेणीत नेले. १९७९ मध्ये मिलानला दहावे लीग विजेतेपद मिळवून दिले. इटलीत दहा विजेतेपदांनंतर जर्सीवर तारा लावण्याचा मान मिळतो. नंतर तो रोमाकडे गेला. प्रतिस्पर्ध्याला माणसागणिक पकडण्याची पद्धत इटलीत रुजलेली असताना त्याने प्रत्येक खेळाडूला मैदानाचा भाग वाटून देणारा क्षेत्रीय बचाव राबवला. फाल्काओ, ब्रुनो कॉन्ती आणि तरुण कार्लो अँचेलोटी यांच्या या संघाने १९८३ मध्ये, ४१ वर्षांनंतर लीग जिंकली. पुढच्या वर्षी रोममध्येच युरोपियन चषकाचा अंतिम सामना झाला. लिव्हरपूलने तो पेनल्टींवर जिंकला आणि या चषकाने लिडहोमला दुसऱ्यांदा हुलकावणी दिली.

फ्रँको बारेसीला १७व्या आणि पावलो माल्दिनीला १६व्या वर्षी मिलानच्या पहिल्या संघात उतरवणाराही तोच. पुढे या दोघांभोवतीच मिलानचा जगप्रसिद्ध बचाव उभा राहिला.

त्याचे अखेरचे दिवस कुठे गेले?

इटालियनांनी त्याला ‘बॅरन’ ही उपाधी बहाल केली होती, ती त्याच्या शांत, खानदानी वागण्यामुळे. पिएमाँत प्रांतातील कुकारो मोनफेरातो या गावी त्याने द्राक्षबाग घेतली आणि वाइन तयार केली. तेथेच ५ नोव्हेंबर २००७ रोजी, वयाच्या ८५व्या वर्षी त्याचे निधन झाले. व्यावसायिक झाला म्हणून ज्या देशाने त्याला संघाबाहेर ठेवले, त्याच देशाला विश्वचषकात आजवरचे सर्वोत्तम स्थान त्याच्या नेतृत्वाखाली मिळाले. १९५८च्या त्या उपविजेतेपदापुढे स्वीडनचा पुरुष संघ अद्याप गेलेला नाही.