हार्वे कुशिंग : शाखा जन्मण्याआधीची तयारी

मेंदूची शस्त्रक्रिया ही वैद्यकशास्त्रातील सर्वाधिक चुरशीच्या शाखांपैकी एक मानली जाते. तिच्यात प्रवेश मिळावा म्हणून वैद्यकीय महाविद्यालयाच्या पहिल्या-दुसऱ्या वर्षापासूनच कंबर कसणारे विद्यार्थी जगभर आढळतात. मात्र ज्यांना या शाखेचे जनक म्हटले जाते, त्या डॉ. हार्वे कुशिंग यांच्या विद्यार्थिदशेत ही शाखाच अस्तित्वात नव्हती. तिचा अभ्यासक्रम नव्हता, परीक्षा नव्हती आणि ती शिकविणारा स्वतंत्र विभागही नव्हता. तरीही त्यांची तयारी वैद्यकीय शिक्षणाच्या दुसऱ्याच वर्षी सुरू झाली. तिला निमित्त झाला एका रुग्णाचा मृत्यू.

कुशिंग यांचा जन्म ८ एप्रिल १८६९ रोजी अमेरिकेतील क्लीव्हलँड येथे झाला. दहा भावंडांत ते सर्वांत धाकटे. वडील, आजोबा आणि पणजोबा असे तीन पिढ्यांचे डॉक्टर घराण्यात होऊन गेले होते. येल विद्यापीठात बेसबॉलचे मैदान गाजवून १८९१ मध्ये ते पदवीधर झाले आणि त्याच वर्षी बोस्टनच्या हार्वर्ड वैद्यकीय महाविद्यालयात दाखल झाले.

त्या काळी भूल देण्याचे काम विद्यार्थ्यांवर सोपविले जाई. मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटल हे इथरच्या भुलेचे माहेरघर. १८४६ मध्ये तिचे पहिले जाहीर प्रात्यक्षिक याच रुग्णालयात झाले होते. परंतु जवळपास अर्धशतक लोटल्यानंतरही इथर किती द्यावे, कसे द्यावे, याचे रीतसर शिक्षण कोणी देत नव्हते. दुसऱ्या वर्षात असताना कुशिंग यांना एके दिवशी प्रेक्षकांच्या बाकांवरून खाली बोलावून भूल देण्यास सांगण्यात आले. रुग्णाचे हर्नियात अडकलेले आतडे सोडविण्यासाठी तातडीची शस्त्रक्रिया होती. शल्यविशारद सभागृहाला शस्त्रक्रिया समजावून सांगत असतानाच रुग्णाने प्राण सोडला. असे प्रसंग नेहमीचेच आहेत, विद्यार्थ्याने मनाला लावून घेऊ नये, असा वरिष्ठांचा सूर होता. कुशिंग यांना मात्र हे पटले नाही. त्या संध्याकाळी ते सुन्न होऊन रस्त्यांवर भटकत राहिले. वैद्यकीय शिक्षण सोडून द्यावे, असाही विचार त्यांच्या मनात आला.

शिक्षण त्यांनी सोडले नाही. त्याऐवजी वर्गमित्र अर्नेस्ट एमरी कॉडमन यांच्याशी त्यांनी एक पैज लावली. अधिक चांगली भूल कोण देतो, हे पाहायचे आणि हरणाऱ्याने जेवण द्यायचे. रुग्ण लवकर शुद्धीवर यावा, त्याला ओकाऱ्या होऊ नयेत, ही चांगल्या भुलेची खूण. पण दोघांत सरस कोण हे ठरविण्यासाठी पुरावा हवा होता. म्हणून १८९४ मध्ये या दोघांनी शस्त्रक्रिया सुरू असताना रुग्णाची नाडी आणि श्वास ठरावीक अंतराने मोजून तक्त्यावर मांडण्यास प्रारंभ केला. भुलेच्या आधुनिक नोंदींचे हे पहिले रूप होय. आज शस्त्रक्रियागृहातील प्रत्येक रुग्णाच्या नाडीची, श्वासाची आणि रक्तदाबाची जी नोंद होते, तिचे मूळ दोन विद्यार्थ्यांच्या या पैजेत आहे. कॉडमन यांनीही पुढे हाच धागा धरला. प्रत्येक रुग्णाचे उपचारानंतर काय झाले याचा हिशेब रुग्णालयाने ठेवलाच पाहिजे, असा आग्रह त्यांनी वरिष्ठांचा रोष पत्करून आयुष्यभर धरला.

कुशिंग १८९५ मध्ये डॉक्टर झाले. त्याच वर्षाच्या अखेरीस जर्मनीत क्ष-किरणांचा शोध लागला आणि काही महिन्यांतच कुशिंग ते तंत्र हाताळू लागले. १८९६ मध्ये बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात विल्यम हालस्टेड यांच्या हाताखाली त्यांची उमेदवारी सुरू झाली. त्या काळी झटपट हात चालविणारा शल्यविशारद श्रेष्ठ समजला जाई. हालस्टेड यांची रीत नेमकी उलटी होती. ते संथपणे काम करीत, ऊतींना हळुवार हाताळीत आणि रक्ताचा प्रत्येक थेंब थोपवीत. मेंदूसारख्या नाजूक अवयवाला हीच रीत मानवणार होती. गोळी लागून मज्जारज्जूला इजा झालेल्या रुग्णांवरील कुशिंग यांचा निबंध १८९८ मध्ये प्रसिद्ध झाला. रुग्णाला पूर्ण बेशुद्ध न करता कोकेनने केवळ त्या भागातील मज्जातंतू बधिर करून हर्नियाची शस्त्रक्रिया करण्याचे प्रयोगही त्यांनी याच काळात केले. विद्यार्थिदशेतील त्या मृत्यूची छाया या प्रयत्नांवर स्पष्ट दिसते.

१९०० मध्ये ते युरोपच्या दौऱ्यावर गेले. स्वित्झर्लंडमधील बर्न येथे थिओडोर कोखर यांच्याकडे त्यांनी कवटीतील दाबाचा अभ्यास केला. कवटीत दाब वाढला की मेंदूला रक्त पुरविण्यासाठी शरीर रक्तदाब वाढविते, हे त्यांनी प्रयोगांनी दाखवून दिले. ही प्रतिक्रिया आजही त्यांच्या नावाने ओळखली जाते. इटलीतील पाव्हिया येथे त्यांनी रिव्हा-रोची यांचे रक्तदाबमापक पाहिले आणि १९०१ मध्ये ते अमेरिकेत आणले. बोस्टनमधील जुन्याजाणत्या डॉक्टरांना त्याचे फारसे कौतुक वाटले नाही. नाडीवरचे अनुभवी बोट यंत्राहून अधिक सांगते, असा त्यांचा निर्वाळा होता. कुशिंग यांनी मात्र रक्तदाबाला भुलेच्या तक्त्यावर कायमचे स्थान मिळवून दिले.

बाल्टिमोरला परतल्यावर त्यांनी मेंदूच्या शस्त्रक्रियेला वाहून घेतले. याच सुमारास हंटेरियन प्रयोगशाळेत त्यांनी वैद्यकीय विद्यार्थ्यांसाठी कुत्र्यांवरील शस्त्रक्रियांचा वर्ग चालविला. तेथे विद्यार्थ्यांना आळीपाळीने भूल द्यावी लागे, मदतनीस व्हावे लागे आणि शस्त्रक्रियाही करावी लागे. प्रत्येक प्राण्याची नोंद रुग्णाप्रमाणेच लिहिली जाई. जे शिक्षण कुशिंग यांना स्वतःला मिळाले नव्हते, ते त्यांच्या विद्यार्थ्यांना रुग्णाला हात लावण्याआधीच मिळू लागले.

१९१२ मध्ये ते बोस्टनच्या पीटर बेंट ब्रिगहॅम रुग्णालयात रुजू झाले. मेंदूच्या गाठीची शस्त्रक्रिया म्हणजे जवळजवळ मृत्युदंड, असा तोवर समज होता. कुशिंग यांनी मृत्यूचे प्रमाण दहा टक्क्यांच्या आसपास आणले. रक्तस्राव थोपविण्यासाठी १९११ मध्ये त्यांनी चांदीचे चिमटे वापरात आणले होते. १९२६ मध्ये भौतिकशास्त्राचे जाणकार विल्यम बोव्ही यांच्या साह्याने विद्युतप्रवाहाने रक्तवाहिन्या बंद करण्याचे तंत्र त्यांनी अवलंबिले. रक्तस्रावामुळे पूर्वी ज्यांच्या गाठी अर्ध्यावर सोडाव्या लागल्या होत्या, अशा रुग्णांना त्यांनी पुन्हा बोलावून घेतले.

नोंदींचा आग्रह अखेरपर्यंत सुटला नाही. प्रत्येक शस्त्रक्रियेनंतर ते स्वहस्ते रेखाटन करीत. प्रत्येक गाठ जतन केली जाई. लुईस आयझेनहार्ट या त्यांच्याकडे लेखनसाह्यक म्हणून आल्या, पुढे स्वतः डॉक्टर होऊन विकृतिशास्त्रज्ञ झाल्या आणि या गाठींचा हिशेब त्यांनी निष्ठेने सांभाळला. या हिशेबात अपयशही लपविले जात नसे. जनरल लिओनर्ड वूड यांच्या मेंदूतील गाठ कुशिंग यांनी १९१० मध्ये यशस्वीपणे काढली, त्यानंतर ते अमेरिकी लष्कराचे प्रमुख झाले. गाठ पुन्हा वाढल्याने १९२७ मध्ये दुसरी शस्त्रक्रिया करावी लागली, तेव्हा मात्र ते वाचले नाहीत. १९३१ मध्ये तपासणीने सिद्ध झालेल्या गाठींची संख्या दोन हजारांवर पोहोचली.

या शिस्तीची किंमत सहकाऱ्यांनी आणि कुटुंबीयांनीही मोजली. कुशिंग हे कठोर आणि तापट वरिष्ठ होते. पत्नी कॅथरिन यांच्यावर पाच मुलांचा भार टाकून ते बहुतेक वेळ रुग्णालयातच असत. १९२६ हे वर्ष विलक्षण ठरले. आपले ज्येष्ठ स्नेही विल्यम ऑस्लर यांच्या चरित्रासाठी त्यांना पुलित्झर पुरस्कार मिळाला आणि त्याच वर्षी थोरला मुलगा मोटार अपघातात गेला. ती वार्ता शस्त्रक्रियेपूर्वी कळली. कुशिंग यांनी घरी दूरध्वनी केला आणि ठरलेली शस्त्रक्रिया पार पाडली. या वागण्याला निष्ठा म्हणावे की निष्ठुरता, याविषयी आजही दुमत होऊ शकते.

१९३२ मध्ये ते हार्वर्डमधून निवृत्त झाले. त्याच वर्षी त्यांनी पिट्युटरी ग्रंथीच्या त्या विकाराचे विवेचन प्रसिद्ध केले, जो आज कुशिंग यांच्याच नावाने ओळखला जातो. ७ ऑक्टोबर १९३९ रोजी हृदयविकाराने त्यांचे निधन झाले. शवविच्छेदनात त्यांच्या स्वतःच्या मेंदूतही एक लहानशी गाठ आढळली. तिचाही तपशील रीतसर नोंदविला गेला.

त्यांची परंपरा भारतातही पोहोचली. ब्रिगहॅममध्ये त्यांच्याकडे उमेदवारी केलेल्या वाइल्डर पेनफिल्ड यांच्या माँट्रिअल येथील संस्थेत डॉ. जेकब चांडी शिकले आणि १९४९ मध्ये त्यांनी वेल्लोर येथे देशातील पहिला मेंदू-शस्त्रक्रिया विभाग सुरू केला. कुशिंग यांनी जतन केलेल्या गाठींचा संग्रह २०१० पासून येल विद्यापीठाच्या वैद्यकीय ग्रंथालयात पाहावयास मिळतो.

विसाव्या-बाविसाव्या वर्षी शाखा निवडण्याची घाई असलेल्या विद्यार्थ्यासाठी या चरित्राचा बोध साधा आहे. कुशिंग यांनी विद्यार्थिदशेत मेंदूची निवड केली नव्हती. हातून झालेल्या मृत्यूकडे त्यांनी पाठ फिरविली नाही, इतकेच. पुढचे सारे त्या एका तक्त्यातून घडत गेले.