माजघरात पोचलेले गाणे

भगिनींनो, आपल्या वर्धापनदिनी पेटीचा सूर लागला की मला कै. हिराबाई बडोदेकरांची आठवण होते.

त्यांचा जन्म १९०५ साली मिरजेस झाला. वडील खांसाहेब अब्दुल करीम खां. परंतु आईवडील विभक्त झाल्यावर आई ताराबाईंनीच मुलांना वाढविले. हिराबाईंनी उस्ताद वहीद खां यांजकडे तालीम घेतली. त्या काळी घरंदाज स्त्रिया गाण्याच्या बैठकीला जात नसत. हिराबाईंनी तिकीट लावून नाट्यगृहांत जलसे केले. हावभावांवाचून, शांतपणे त्या गात. म्हणून बायकाही ऐकावयास येऊ लागल्या. मुंबईत १९२७ साली नभोवाणी सुरू झाली, आणि पुढे तिच्यावरून त्यांचा स्वर माजघरात पोचला.

साठ सालच्या सुमारास करंजाड्यात एका संध्याकाळी शेजारच्या ओटीवरील रेडिओत मी तो प्रथम ऐकला. मुलींनी गाऊ नये म्हणणारी माझी आजी आमच्या उंबऱ्याशी बसून राहिली. चुलीवरचा भात करपला तरी उठली नाही. पुढच्याच आठवड्यात तिने मला गाणे शिकू दिले.

१९७० साली हिराबाईंना पद्मभूषण मिळाले. २० नोव्हेंबर १९८९ रोजी त्या निवर्तल्या. आपल्या मंडळातील मुलींनी मोकळ्या गळ्याने गावे, हीच इच्छा.