विश्लेषण : प्लगची पिन सॉकेटमध्ये घट्ट का बसावी लागते? ही पकड घडवणारे हार्वे हबेल कोण होते?

मालवण तालुक्यातील धामापूरसारख्या तळ्याकाठच्या गावात पावसाळ्याचे चार महिने हवेतली ओल हटत नाही. समुद्रही फार लांब नाही. अशा हवेत सॉकेटमधले पितळ कळकते, आतली पट्टी सैल पडते आणि पिन एका बाजूला दाबून धरल्याशिवाय मिक्सर चालत नाही. बोल मिक्सरला लागतो. दोष मात्र पकडीचा असतो. या पकडीवर ज्यांनी डोके चालवले, त्यांत अमेरिकेतील हार्वे हबेल यांचे नाव आधी घ्यावे लागते.

विजेकडे कसे वळले?

हबेल यांचा जन्म १८५७ मध्ये झाला. ते शास्त्रज्ञ नव्हते, यंत्रांवर हात बसलेले कारागीर होते. १८८८ मध्ये त्यांनी ब्रिजपोर्ट येथे छोटा कारखाना काढला. सुरुवातीचा माल विजेचा नव्हताच. दुकानात बांधणीच्या कागदाचा रोल ठेवून हवा तेवढा तुकडा कापून घेता येईल, असा स्टँड ते बनवत. १८९६ मध्ये साखळी ओढून दिवा चालू-बंद करण्याच्या होल्डरचे पेटंट त्यांनी मिळवले.

अडचण कोणती होती?

त्या काळी घरात वीज येई ती दिव्यासाठी. पंखा किंवा इस्त्री लावायची तर दिवा काढून त्या होल्डरमध्ये वायरचे टोक स्क्रूसारखे फिरवून बसवायचे, नाहीतर वायरी थेट टर्मिनलला जोडायच्या. वायरीला पीळ बसे, आणि उघड्या तारांची अदलाबदल झाली की शॉर्टसर्किट. न्यूयॉर्कमधील एका खेळघरात झाडलोट करणाऱ्या माणसाची हीच कसरत पाहून हबेल यांना युक्ती सुचली, असे सांगतात.

१९०४ मध्ये त्यांनी दोन भागांच्या प्लगचे पेटंट घेतले. एक भाग होल्डरमध्ये कायम राहणारा, दुसरा पिनांचा, सरळ ओढून काढता येणारा. खरी कसोटी इथेच होती. पकड ढिली ठेवली तर पिन निसटते. फार आवळली तर निघत नाही. आतल्या स्प्रिंगदार धातूने पिन धरून ठेवायची आणि हाताने ओढली की सोडायची, हे त्यावरचे उत्तर. पुढे अमेरिकेत दोन समांतर चपट्या पात्यांचा प्लग रूढ झाला, त्याचे मूळ हबेल यांच्याच कामात आहे. १९०५ मध्ये त्यांनी कंपनी नोंदवली. त्याच वर्षी इकडे बॉम्बे इलेक्ट्रिक सप्लाय अँड ट्रामवेज कंपनी उभी राहत होती. डिसेंबर १९२७ मध्ये हबेल यांचे निधन झाले.

पकड सैल पडली तर काय होते?

दोन हजार वॉटचा गीझर सुमारे ८.७ अँपिअर प्रवाह ओढतो. सांध्यात ०.१ ओहम इतकाच रोध वाढला, तरी तिथे सुमारे साडेसात वॉट उष्णता तयार होते. आकडा किरकोळ वाटेल, पण ही उष्णता नखाएवढ्या जागेत साठते. त्याने स्प्रिंगचा ताण जातो, पकड आणखी ढिली होते, उष्णता आणखी वाढते आणि शेवटी प्लास्टिक वितळते.

भारतातील गोल पिना ब्रिटिश वळणाच्या, हबेल यांच्या पात्यांपेक्षा वेगळ्या. आत मात्र स्प्रिंगचीच पकड. त्यामुळे काळवंडलेल्या सॉकेटमध्ये पिन वाकवून किंवा कागदाची घडी खुपसून काही साधत नाही. मेन स्विच बंद करून वायरमनकडून सॉकेटच बदलून घ्यावे लागते.